नऊ शिट्ट्या

नमुना क्रमांक ८७ मध्ये फॉस्फेट निघालं. लिटरला अकरा मिलिग्रॅम. डाळजच्या लीलाबाईंच्या शेततळ्यातले मासे कशानं मेले, हे मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सिद्ध झालं. आता हे विसरून जावं. कार्यालयाच्या दप्तरी असं काही घडलेलं नाही, आणि दप्तराबाहेर काही घडतं यावर कार्यालयाचा विश्वास नाही.

तर, सकाळी अकराला ज्योत्स्नानं शेगडीवरचं चहाचं पातेलं उचलून खाली ठेवलं आणि त्या जागी काचेचा चंबू चढवला.

छबूबाईंचा हात चहाच्या डब्यातच राहिला.

“ताई, सायबांचा अकराचा चहा हाय त्यो.”

“माहीत आहे.”

“दूध घातलंय.”

“तेही दिसतंय.”

छबूबाईंनी पातेल्याकडं बघितलं, चंबूकडं बघितलं, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. नऊ वर्षं त्या इथं झाडलोट आणि चहा करत होत्या. या शेगडीवर पाणी तापताना त्यांनी पाहिलं होतं, पण ते चहाचं. तपासायचं पाणी तापवलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

भूजल व पृष्ठजल नमुना परीक्षण केंद्र (तात्पुरते) हे बारामती-इंदापूर रस्त्याला, सणसरच्या अलीकडं, कोंबडीखाद्याच्या एका बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावर एकोणीस वर्षं तात्पुरतं होतं. नमुने उकळायला विजेची हॉटप्लेट होती. ती दुरुस्तीला पुण्याला गेली आणि तिकडंच रमली. मग ‘नमुने उकळणे’ या कारणासाठी एक शेगडी आणि दोन महिन्यांना एक सिलिंडर मंजूर झाला. त्यावर दिवसातून पाच वेळा चहा होई. नमुन्यांची यावर तक्रार नव्हती.

तक्रार होती लीलाबाईंची. त्या साडेनऊलाच आल्या होत्या. वय साठीच्या पुढं, पदर कमरेला खोचलेला, एका हातात पाच लिटरचा तेलाचा कॅन आणि दुसऱ्या हातात युरियाची पिशवी. कॅनमध्ये हिरवं पाणी होतं. पिशवीत बर्फात जपून आणलेला चार किलोचा कटला मासा होता. त्यांनी तो केंद्राचे प्रभारी अधिकारी आप्पासाहेब यांच्या टेबलावर ठेवला होता, फायलींच्या मधोमध.

आप्पासाहेबांनी खुर्ची मागं सरकवली. “मासा आमच्या कक्षेत येत नाही, बाई. आम्ही फक्त पाणी बघतो.”

“मासा पान्यातच व्हता की, सायेब.”

“पण आता नाही ना.”

यावर लीलाबाईंनी जे म्हटलं ते आवक नोंदवहीत घेण्यासारखं नव्हतं.

ज्योत्स्ना मखरे त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. ती मूळची अंथुर्ण्याची, रसायनशास्त्रात एम.एस्सी., तीन वर्षांपासून इथं कंत्राटी तंत्रज्ञ. केंद्रात ती एकटीच पाण्याला हात लावायची. लीलाबाईंनी तिला सगळं उभ्यानंच सांगितलं. हायवेला त्यांच्या रानाला लागून इंद्रजित नावाच्या माणसाचं दुधाचे टँकर धुवायचं यार्ड होतं. दिवसाला वीस टँकर धुतले जायचे. ते फेसाचं पाणी चारीतून सरळ लीलाबाईंच्या शेततळ्यात उतरायचं. आधी पाणी हिरवट झालं, मग हिरवं, मग त्यावर साय धरली. गेल्या बुधवारी पहाटे सगळे मासे पाण्यावर तोंडं काढून उभे होते, पंगतीला बसल्यासारखे. उजाडेपर्यंत पंगत उठली.

“त्यो म्हनतो माझ्या पान्यात काय न्हाय, तूच उसाला खत टाकती त्ये तळ्यात उतरतं. परवा गुरुवारी सुनावनी हाय. तितं कागद लागतोय. कागद असंल तर चारी बुजवत्याल. न्हाय तर त्येचं पानी आन् माझं तळं, जल्माचं लगीन.”

“तळं परत भरणार का?”

“पुढल्या हप्त्यात भिगवनवरनं माशाचं बी यायचंय. धा हजार पिल्लं. चारी बंद झाली न्हाय तर ती बी मरायलाच यायची.”

ज्योत्स्नानं पाणी गाळलं, नळीत घेतलं, त्यात दोन द्रावणं टाकली. फॉस्फेट असतं तर दहा मिनिटांत निळा रंग यायला हवा होता. दहाची पंधरा मिनिटं झाली. नळीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं.

“काय म्हनतंय?” लीलाबाईंनी विचारलं.

“नाही म्हणतंय.”

“मंग मासं लाजून मेलं व्हय?”

 ज्योत्स्नानं रोजच्यासारखं रजिस्टर ओढलं, ‘एकूण फॉस्फेट’ या रकान्यात पेन टेकवलं, आणि पेन तिथंच थांबलं. तिचं लक्ष पलीकडं टेबलावरच्या माशाकडं गेलं होतं. माशाचं तोंड अजून उघडं होतं. मग ती उठली, आणि त्यानंतर ते चहाचं पातेलं खाली उतरलं.

“आता ह्ये कशापाई उकळायचं?” लीलाबाई स्टूल ओढून शेगडीजवळ बसल्या.

“त्या टँकरच्या पावडरीत फॉस्फेट असतं, पण सुटं नाही. एकमेकांचे हात धरून साखळी केलेलं असतं. पुस्तकात त्याला संघनित फॉस्फेट म्हणतात. उसाच्या खतात अशी साखळी नसते. आपलं बोअरचं पाणी जड ना, टँकरला पांढरा क्षार धरतो. ही साखळी तो क्षार धरून ठेवते, टँकरला चिकटू देत नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरला घालतात, चीजमध्ये घालतात. चांगली वस्तू आहे तशी.”

“चांगली हाय तर मंग दिसंना का?”

“हे आपलं औषध आहे ना, ते एसटीच्या कंडक्टरसारखं आहे, मावशी. एकटा बसलेला दिसला की तिकीट फाडतो. हात धरून बसलेली रांग दिसली की पुढं जातो.”

“मंग त्यो कंडक्टर आंधळा हाय,” छबूबाई मागून म्हणाल्या.

“आंधळा नाही. त्याला तेवढंच दिसतं. आम्ल घालून दीड तास उकळलं की हात सुटतात. मग एकेकटे सापडतात. तळ्यातही आपोआप सुटतात थोडे थोडे, पण सुटला की शेवाळ लगेच खातं. म्हणून आपल्या हाताला काही लागत नाही. आणि ते खाऊन माजलेलं शेवाळ रात्री पाण्यातली हवा संपवतं, मासे गुदमरतात.”

भावकीतल्या कुणी जामीन राहायला नकार दिल्यावर त्याच्याकडं बघावं, तसं लीलाबाईंनी चंबूतल्या पाण्याकडं बघितलं.

सव्वाअकराला आप्पासाहेब स्वतः उठून आत आले. हे वर्षातून एकदा होई, तेही चहा उशिरा झाला तर. मधुमेहामुळं ते बिनसाखरेचा घेत आणि म्हणून पाच कप घेत.

“हे काय चाललंय?”

“उकळतेय सर. नियमात आहे.”

“नियमात उकळणं आहे, मान्य. नियमात चहा नाही, तेही मान्य. पण चहा रोज होतो आणि उकळणं रोज होत नाही, याला वहिवाट म्हणतात. किती वेळ?”

“दीड तास.”

“दीड तास!” आप्पासाहेबांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. “मॅडम, दीड तासात बारा चहा होतात.”

“सायेब,” लीलाबाई स्टुलावरून न उठता म्हणाल्या, “माझं दोन हजार मासं मेलं. तुमी एक चहा मरू द्या की.”

आप्पासाहेब निघून गेले. पण देव वहिवाटीच्या बाजूनं असावा. बाराला पाच कमी असताना शेगडीची ज्योत पिवळी झाली, दोनदा उसासली आणि विझली. ज्योत्स्नानं सिलिंडर हलवून पाहिला. आडवा करून पाहिला. त्याला लाथ घातली. हे शेवटचं पद्धतीत नव्हतं.

दारातून आप्पासाहेबांनी हे बघितलं. त्यांचा चेहरा आनंदी नव्हता, शांत होता. “घ्या. आता ना तुमचं ना आमचं. नवा सिलिंडर एक तारखेला.”

आज अठरा तारीख होती. ज्योत्स्ना भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, ते छबूबाईंना दिसलं. छबूबाई केंद्रामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या.

“ताई, कुकर चालंल का?”

“काय?”

“माझा कुकर. चुलीवर हाय. डाळ लावली व्हती, काढते.”

ज्योत्स्ना हसली. सकाळपासून पहिल्यांदा, तेही रागानंच. तिनं कपाटातून चाचणीच्या पद्धतींचं जाडं पुस्तक काढलं, पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं: “किंवा, पंधरा पौंड दाबाखाली तीस मिनिटं.” मग पुस्तक मिटलं. “घरातला कुकर पंधरा पौंडांचाच असतो, छबूबाई.”

“मला काय ठावं. दोन किलोचा म्हनून घेतलाय.”

तुरीची डाळ अर्धी कच्ची बाहेर आली. कुकर तीनदा धुतला, शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यानं. त्यात दोन चंबू उभे राहिले: एकात तळ्याचं पाणी आणि आम्ल, दुसऱ्यात नुसतं शुद्ध पाणी आणि आम्ल, कुकरनं स्वतःचं काही मिसळलं तर कळावं म्हणून. तोंडाला चांदीचा कागद.

“नंतर डाळ करू नका यात,” ज्योत्स्ना म्हणाली. “मी नवा आणून देते.”

“शिट्टी चांगली वाजती त्येची,” छबूबाई हळहळल्या.

जाळ लीलाबाईंनी घातला. फुंकणी त्यांच्याकडं होती आणि त्यांचा श्वास आठवडाभर साठलेला होता. पहिली शिट्टी झाली तशी त्यांनी इंद्रजितच्या नावानं एक शिवी सोडली. दुसरीला त्याच्या टँकरांना. पुढं प्रत्येक शिट्टीला एक, न चुकता. पाचव्यापर्यंत यार्ड संपलं, मग खात्याचा नंबर लागला, आणि आठवीला बहुधा आप्पासाहेबांचं आजोळ आलं. छबूबाई पाय पोटाशी घेऊन कौतुकानं ऐकत होत्या. तीस मिनिटं झाली तेव्हा नऊ शिट्ट्या झाल्या होत्या. ज्योत्स्नाच्या हातात घड्याळ होतं, पण तिनं दोन्ही मोजलं.

वर येऊन तिनं चंबू निववले, अल्कली घालून आम्ल मारलं, पुन्हा तीच दोन द्रावणं घातली. शुद्ध पाण्याची नळी पाण्यासारखी राहिली. तळ्याच्या पाण्याची नळी आधी आकाशी झाली, मग निळी, मग इतकी गडद की यंत्राला मोजता येईना. दहापट पातळ करून मोजावी लागली.

“अकरा,” ज्योत्स्ना म्हणाली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

लीलाबाईंनी नळी खिडकीकडं धरली. “ह्योच व्हय?”

“हाच.”

“माझं मासं खाल्लं आन् रंग बघा भाड्याचा. शालूवानी.” त्या नळी खाली ठेवेनात. नळी हलवून, तिरकी करून बघत राहिल्या. मग बघता बघता त्यांचा हात थांबला.

“ताई, मागल्या साली बी असंच शिजवलं व्हतं का?”

“मागच्या साली?”

लीलाबाईंनी पिशवीत हात घातला आणि एक कागद काढला. लॅमिनेट केलेला होता. चारी कोपऱ्यांना भोकं पाडून त्यांतून तार ओवलेली. उन्हानं शिक्का उडाला होता, पण अक्षरं शाबूत होती. फॉस्फेट : आढळले नाही. खाली सही. ज्योत्स्नाच्या सहीतला ‘ज्यो’ मोठा असायचा, वळण घेऊन वर जाणारा. कॉलेजात असताना तिनं ती सही वहीच्या मागच्या पानावर महिनाभर गिरवली होती.

“पानी जरा हिरवाट वाटाय लागलं म्हून आनलं व्हतं. तुमी काय न्हाय म्हनून लिवलं. म्हून माशाचं बी सोडलं. फाटकाला लावला व्हता कागद. येईल त्येला दावायची, सरकारनं तपासलंय म्हून.”

छबूबाई दारात उभ्या होत्या. त्या हळूच आत सरकल्या.

“नव्हतं उकळलं,” ज्योत्स्ना म्हणाली.

“का?”

ज्योत्स्नानं शेगडीकडं बघितलं. “गॅस चहाला लागतो.”

कारण खरं होतं. तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते तिला कारणासारखंही वाटत होतं. उकळायचं असतं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावर प्रश्नही आला होता एम.एस्सी.ला, सहा गुणांचा, तिला साडेपाच पडले होते. इथं आल्यावर आप्पासाहेबांनी वहिवाट सांगितली तेव्हा ती आठवडाभर चिडली होती. मग तीही चहा प्यायला लागली.

लीलाबाईंनी शिवी दिली नाही. नऊ शिट्ट्यांत त्यांच्याकडच्या संपल्या असतील असं नाही.

आप्पासाहेब रजिस्टर बघायला आले. नोंद त्यांनी बोट ठेवून वाचली. “पद्धत : आम्लीय विघटन, घरगुती कुकर, नऊ शिट्ट्या.” त्यांनी चष्मा काढला. “मॅडम, शिट्टी हे एकक आहे का?”

“पंधरा पौंड, तीस मिनिटं. कंसात लिहिलंय.”

“कुकरला दाबाचा काटा आहे?”

“नाही.”

“कुकर डेडस्टॉकच्या वहीत नोंदलेला आहे?”

“छबूबाईंचा आहे.”

“मग अहवाल छबूबाईंनी द्यावा.” त्यांनी खिशातून लाल पेन आणि पट्टी काढली, आणि नमुना क्रमांक ८७ ची ओळ सरळ, सुबक, एकाच रेषेत खोडली. “रागावू नका. उद्या समोरचा वकील विचारील, कुठल्या कंपनीची शिट्टी. तेव्हा तुमची नोकरी जाईल, माझी पेन्शन. आपण सकाळचा आकडा पाठवू. तोही खराच आहे की. तुम्हीच काढलाय.”

“त्यावर मी सही करणार नाही.”

“बरं. मी प्रभारी आहे. मी करतो.”

“सर, हिचे मासे मेलेत!”

“ते आपल्या कक्षेत—”

“आपुनच मारलेत!” ज्योत्स्नाचं शहरी मराठी एका क्षणात अंथुर्ण्याला परत गेलं. “त्या इंद्रजितनं न्हाय, आपुन! गेल्या साली एक डाव उकळलं असतं तर हिनं बी सोडलंच नसतं! चहा पिऊन मारलेत आपुन, कपाकपानं!”

“हळू बोला. खाली दुकान आहे.”

“दुकान एकोणीस वर्षं बंद हाय!”

आप्पासाहेबांनी क्षणभर विचार केला. दुकान बंद असल्याचं त्यांच्याही लक्षात आलेलं दिसलं. पण रेषा ओढून झाली होती. ते रजिस्टर काखेत घेऊन बाहेर गेले.

लीलाबाई उठल्या. “ही नळी द्या मला.”

“मावशी, रंग राहत नाही. उद्यापर्यंत उतरेल.”

“सुनावनी परवा हाय.”

“माहीत आहे.”

“द्या तरी.”

ज्योत्स्नानं नळीला रबरी बूच बसवलं, वर चिकटपट्टी गुंडाळली, कापसात ठेवून दिली. मग कोरा कागद ओढला. “मी लिहून देते. केंद्राच्या नाही, माझ्या स्वतःच्या नावानं. काय केलं, काय निघालं, सगळं. खाली सही करते. बोलावलं तर येते सुनावणीला.”

लीलाबाईंनी लॅमिनेट केलेला कागद तारेसकट गुंडाळला आणि पिशवीत घातला.

“सही ऱ्हाऊ द्या. तुमची एक हाय की माझ्याकडं.”

त्या जिना उतरून गेल्या. मासा नेला नाही. आप्पासाहेब तासभर आवक नोंदवही उघडून त्याच्यासमोर बसले होते. नाकारावा तर पोच द्यावी लागली असती, आणि स्वीकारावा तर वजन लिहावं लागलं असतं.

आत ज्योत्स्नानं तीन वर्षांची रजिस्टरं काढली. जमिनीवर बसून ती एकेक पान उलटत गेली. अंथुर्णे. सणसर. डाळज, दोनदा. तिच्या स्वतःच्या आळीचा आड. एका अंगणवाडीची टाकी. प्रत्येक ओळीला बोट लावत गेली. मध्ये छबूबाई चुलीवरचा चहा आणून ठेवून गेल्या. त्यावर साय धरली तरी ती मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं मघाचा तोच कोरा कागद घेतला आणि नेहमीच्या नीटनेटक्या अक्षरात लिहायला सुरुवात केली.

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
भूजल व पृष्ठजल नमुना परीक्षण केंद्र (तात्पुरते)

विषय : सह्या परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, मागील तीन वर्षांत या केंद्राकडून माझ्या सहीने निर्गमित झालेल्या तीनशे बारा अहवालांत ‘फॉस्फेट : आढळले नाही’ असे नमूद आहे. सदर फॉस्फेट शोधण्यात आलेले नव्हते. सदर सह्या सध्या तालुक्यातील विविध गावी फायलींत, भिंतींवर, तसेच फाटकांना तारेने बांधलेल्या अवस्थेत असून लोक त्यांच्या भरवशावर पाणी पीत व वापरत आहेत.

तरी उक्त तीनशे बारा सह्या संबंधितांकडून जमा करून मला मूळ स्थितीत परत करण्यात याव्यात, आणि त्या मिळेपर्यंत प्रस्तुत अर्जावर सही करण्यापासून मला सूट देण्यात यावी, ही नम्र विनंती.